चुकलेल्या पाळीचा इतिहास

मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी प्रत्येकीने काहीतरी लिहून द्यावे, असे अध्यक्षाबाईंनी सांगितले, तेव्हा मी आधी लिंबाच्या लोणच्याची कृती लिहावयास घेतली होती. चार ओळी लिहून झाल्यावर मनात आले, लोणचे तर सर्वांनाच येते. जे सर्वांच्या घरी घडते आणि ज्याविषयी कोणीच लिहीत नाही, असे काहीतरी लिहावे. म्हणून हा विषय घेतला. विषय थोडा संकोचाचा आहे, परंतु स्मरणिका आपल्या आपल्यातच वाचली जाणार आहे. पुरुष मंडळींनी वाचली तरी त्यांचे काही बिघडणार नाही. झाला तर थोडा उपयोगच होईल.

मी सातवीपर्यंत शिकलेली. इतिहास म्हणजे राजे, लढाया आणि सनावळ्या एवढेच मला ठाऊक होते. पण बाईच्या पाळीलाही इतिहास आहे, आणि चुकलेल्या पाळीला तर फारच मोठा आहे, हे मला अलीकडे कळले. वाचनालयातून आणलेली पुस्तके, परिचारिकेचे शिक्षण घेत असलेल्या माझ्या भाचीने समजावून सांगितलेल्या गोष्टी आणि घरात डोळ्यांनी पाहिलेले, ह्या तिन्हींवरून हे लिहिते आहे. चुकले तर सांभाळून घ्यावे.

आपल्या भाषेत बाई गरोदर राहिली की 'दिवस गेले' म्हणतात. किती सरळ शब्द आहे! मोजलेले दिवस निघून गेले आणि पाळी आली नाही, एवढाच त्याचा अर्थ. म्हणजे हजारो वर्षे बाईजवळ दुसरी कोणतीही परीक्षा नव्हती. होती ती फक्त मोजदाद. माझी आजी अमावास्येवरून मोजत असे. "अमुशेच्या दोन दिस मागंपुढं," एवढे तिचे कॅलेंडर. पण खरी गंमत अशी, की हा हिशेब ती एकटी ठेवत नव्हती, सारी आळी ठेवत होती. त्या काळी बाई 'बाहेर बसे'. चार दिवस कोपऱ्यात, वेगळे अंथरूण, वेगळा तांब्या. त्यामुळे कोणती सून केव्हा बसली आणि ह्या महिन्यात बसली नाही, हे शेजारणीला सुद्धा ठाऊक असे. बाईच्या अंगातील सर्वांत खाजगी गोष्ट विटाळाच्या रूढीमुळे चावडीवरची झाली होती. विटाळाच्या ह्या कल्पनेला आपल्या संतमालिकेतील सोयराबाईंनी चौदाव्या शतकातच अभंगातून प्रश्न विचारला होता. त्या चोखोबांच्या पत्नी. शिवाशिवीचे दुःख त्यांनी दोन्हीकडून भोगले होते, जातीच्या बाजूने आणि बाईपणाच्या बाजूनेही.

पाळी चुकते ती केवळ दिवस गेल्यामुळे नव्हे, हे जुन्या वैद्यांनाही ठाऊक होते. सुश्रुतसंहितेत 'नष्टार्तव' असा शब्द आहे, म्हणजे पाळी बंद होण्याचा विकार. त्यावर तीळ, उडीद, हुलगे असा आहार सांगितला आहे. आपल्याकडे हुलग्याचे माडगे आणि तिळगुळाचा काढा बायकांना देतात, त्याची मुळे इतकी जुनी असतील असे मला कधी वाटले नव्हते. ह्या काढ्याने पाळी येतेच असे मात्र कोणी समजू नये. कारण कळल्याशिवाय उपाय कसा कळणार? तिकडे इजिप्त देशात तर तीन हजार वर्षांपूर्वी बाईचे मूत्र गव्हावर आणि सातूवर शिंपडत. दाणे उगवले तर दिवस आहेत, नाही उगवले तर नाहीत, असा त्यांचा ठोकताळा. हसू नका. बाईच्या मूत्रात काहीतरी निराळे असते, ही त्यांची शंका खरीच होती. ते काय, हे कळावयास विसावे शतक उजाडले.

आता थोडे दुःखाचे लिहिते. पाळी चुकणे ही गोष्ट एका सुनेच्या घरात पेढ्याची असते, तर दुसरीच्या घरात मरणाची. बालविवाहाच्या काळात आठ-दहा वर्षांच्या मुली विधवा होत. १८५६ साली विधवाविवाहाचा कायदा झाला, पण घरोघर कायदा पोचला नाही. अशी एखादी बालविधवा मोठी होई, घरातल्याच कोणाच्या तरी वासनेला बळी पडे, आणि मग एका महिन्यात तिची पाळी चुकत असे. ज्याचा दोष तो उजळ माथ्याने पंगतीत बसे. हिला मात्र विहीर किंवा विष. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८६३ साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले ते अशाच बायकांसाठी. गुपचूप यावे, बाळंत व्हावे, मूल न्यावे अथवा तेथेच ठेवावे. अशाच एका विधवेचा मुलगा, यशवंत, त्यांनी दत्तक घेतला आणि डॉक्टर केला.

पुढे १८८१ साली सुरतेस विजयालक्ष्मी नावाच्या विधवेला आपल्या तान्ह्या मुलाच्या हत्येबद्दल शिक्षा झाली. वर्तमानपत्रांतून साऱ्या स्त्रीजातीला नावे ठेवली गेली. ते वाचून आपल्या बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचा संताप झाला, आणि १८८२ साली त्यांनी 'स्त्रीपुरुष तुलना' हे पुस्तक लिहिले. मी ते थोडे थोडे वाचले. भाषा जुनी आहे, पण प्रश्न आजचा आहे: दोघांनी केलेल्या गोष्टीची झडती एकटीच्याच अंगावर का?

त्या काळी बाई आजारी पडली तरी पुरुष डॉक्टरला दाखवीत नसत. 'पाळी' हा शब्द ती परक्या पुरुषापुढे कसा काढणार? आनंदीबाई जोशी अमेरिकेला शिकावयास गेल्या त्या ह्याच कारणासाठी. स्वतःचे मूल दहा दिवसांत गेल्याचे दुःख त्यांच्या मनात होते. १८८६ साली त्या डॉक्टर झाल्या. त्यांनी प्रबंधाचा विषयही आपल्याकडील प्रसूतिशास्त्राचाच घेतला होता. परत आल्या आणि १८८७ च्या फेब्रुवारीत गेल्याच. वय अवघे एकवीस. पुढे रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले आणि १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' मासिक चालविले. लोकांनी त्यांच्यावर खटले भरले, नोकरीही गेली, परंतु शरीराविषयी स्वच्छ मराठीत बोलता येते, हे त्यांनी दाखवून दिले. १९५३ साली ते वारले.

ह्या पुण्यामुंबईच्या गोष्टी झाल्या. आपण तेव्हा निजामाच्या राज्यात होतो. १९४८ साली ते राज्य गेले, १९५६ साली आपण मुंबई राज्यात आलो आणि १९६० साली महाराष्ट्रात. पण बालाघाटच्या ह्या डोंगरात बाईला डॉक्टर मिळणे म्हणजे देव भेटणेच. अंबाजोगाईचे वैद्यकीय महाविद्यालय निघाले ते १९७४ च्या सुमारास. तोपर्यंत आपल्या आयाआज्यांना सुईण, देवऋषी आणि नशीब, एवढेच तीन डॉक्टर होते.

आता माझ्या मायची गोष्ट सांगते.

माझ्या मायचे लग्न १९७१ साली झाले, वय सोळा. पुढच्याच वर्षी तो मोठा दुष्काळ पडला. तुमच्यापैकी वडीलधाऱ्यांना तो आठवत असेल. विहिरी आटल्या, जनावरे छावणीत किंवा बाजारात गेली, आणि सरकारने दुष्काळी कामे काढली. माय खडी फोडावयास जाई. सकाळी सूर्य उगवायच्या आत निघावे, दिवसभर हातोडी चालवावी, आणि खावयास काय, तर परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी, नाहीतर सुकडी. त्या हिवाळ्यात मायची पाळी चुकली.

घरात आनंद झाला. तशा दुष्काळात सुद्धा सासूने कोठून तरी गूळ पैदा केला आणि मायच्या हातावर ठेवला. दुसरा महिना गेला, तिसरा गेला. सासूने तिला खडीवरून काढून माती वाहावयास लावले, तेवढेच कमी ओझे म्हणून. पाचवा महिना आला तरी पोट दिसेना. मग बोलणे सुरू झाले. कोणी म्हणे करणी झाली, कोणी म्हणे वांझोटी आहे, पोटात रक्ताचा गोळा झाला. ज्या हाताने गूळ दिला, त्याच हाताने घरात दुसऱ्या सोयरिकीचा विषय काढला. माय सतरा वर्षांची पोर. ती म्हणे, "मला वाटायचं, मीच काहीतरी खोटं बोलले. पण मी तर काहीच बोलले नव्हते."

१९७३ साली पाऊस चांगला झाला. घरात नवे धान्य आले. दोन महिने पोटभर भाकरी खाल्ल्यावर मायची पाळी आपोआप आली. १९७५ साली माझा थोरला भाऊ झाला, आणि त्यानंतर आम्ही तिघी बहिणी. वांझ म्हटलेल्या बाईने चार लेकरे वाढविली. पण ते पाच महिने ती शेवटपर्यंत विसरली नाही.

त्या पाच महिन्यांचा अर्थ मला अलीकडे भाचीकडून कळला. मेंदूच्या तळाशी एक भाग असतो. तो दर महिन्याला अंडाशयाला निरोप पाठवितो, त्या निरोपावर पाळीचे सारे चक्र चालते. अन्न फार कमी पडले, वजन फार उतरले, कष्ट किंवा चिंता हद्दीबाहेर गेली, की तो निरोप थांबतो. जणू शरीर म्हणते, हिलाच पोटभर नाही, तर आत्ता हिच्या पोटात दुसरा जीव नको. ही काही एकट्या आपल्या दुष्काळाची गोष्ट नव्हे. दुसऱ्या महायुद्धात १९४४-४५ च्या हिवाळ्यात हॉलंड देशाच्या पश्चिम भागात जर्मनांनी अन्न अडविले होते. तेथेही पुष्कळ बायकांची पाळी बंद पडली, आणि नऊ महिन्यांनी त्या शहरांतून पाळणेच कमी हलले. डॉक्टरांनी ते लिहून ठेवले, म्हणून साऱ्या जगाला ठाऊक झाले. आमच्या खडी फोडणाऱ्या बायकांचे कोणी लिहिले नाही. मायला हे सांगावयास ती आज नाही. असती तर मी तिला म्हणाले असते, "माय, तू खोटं बोलली नव्हतीस, आणि तुझं अंगही खोटं बोललं नव्हतं."

दिवस आहेत की नाहीत, हे त्या वेळी खात्रीने कळण्याची सोय जगात नव्हती असे नाही. १९२७-२८ च्या सुमारास बर्लिनच्या अशहाइम आणि झोंडेक ह्या दोन डॉक्टरांनी बाईचे मूत्र उंदरीणीला टोचून परीक्षा करण्याची रीत काढली. पुढे आफ्रिकेतील एका जातीच्या बेडकीला टोचू लागले. बाई गरोदर असली तर बेडकी एका दिवसात अंडी घाली. इजिप्तच्या गव्हापासून बेडकीपर्यंत शास्त्र आले, पण आमच्या गावापर्यंत आले नाही. आता मात्र आले आहे. आशाताईंच्या पिशवीत 'निश्चय' नावाची छोटी पट्टी असते. सकाळच्या पहिल्या मूत्राचे दोन-तीन थेंब, पाच मिनिटे, आणि उत्तर हातात. तारीख चुकल्याबरोबर लगेच केली आणि 'नाही' आली, तर आठ दिवसांनी पुन्हा करावी. ज्या एका उत्तरासाठी माझी माय पाच महिने झुरली, ते आता पाच मिनिटांत मिळते. ह्याला मी क्रांती म्हणते.

कायद्याचेही थोडे सांगते. नको असलेला गर्भ डॉक्टरकडून सुरक्षितपणे काढून घेण्याचा कायदा १९७१ साली झाला आणि १९७२ च्या एप्रिलपासून लागू झाला. त्याच्या आधी बायका काड्या, मुळ्या आणि विषारी औषधे घेऊन मरत. २०२१ साली त्यात सुधारणा झाली. आता वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरच्या मताने, आणि काही ठराविक कारणांसाठी चोवीस आठवड्यांपर्यंत, ते करता येते. सज्ञान बाईची स्वतःची संमती पुरते. नवऱ्याची सही लागत नाही. नाव गुप्त ठेवावे लागते. परंतु औषधाच्या दुकानातून गोळ्या आणून घरच्या घरी घेऊ नका. रक्तस्राव थांबला नाही तर बीडला पोचेपर्यंत उशीर होतो.

ह्याच सोयीचा आपल्या जिल्ह्यात गैरवापरही झाला, हे लिहिल्याशिवाय इतिहास पुरा व्हावयाचा नाही. गर्भलिंग तपासणीविरुद्ध देशात सर्वांत आधी, १९८८ साली, महाराष्ट्राने कायदा केला. १९९४ साली तो साऱ्या देशाचा झाला. तरीही २०११ च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात सहा वर्षांखालील हजार मुलांमागे मुली होत्या फक्त ८०७. पाळी चुकल्याचा पहिला आनंद ओसरला की दुसरा प्रश्न येई, 'मुलगा का मुलगी?' आणि त्या प्रश्नाने आपल्या जिल्ह्याला मान खाली घालावयास लावली.

आता जे लिहिते ते माझ्या जाऊबाईंची परवानगी घेऊन लिहिते. हात थोडा थांबतो.

आपल्या भागातून दसरा-दिवाळी झाली की किती घरांना कुलपे लागतात, हे सांगावयास नको. मुकादमाची उचल घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता. पहाटे चारला फडात, मोळ्या बांधावयाच्या, डोक्यावर वाहून गाडीत भरावयाच्या, रात्री अपरात्री परत कोपीवर. फडात न्हाणीघर नाही, कपडा बदलावयास आडोसा नाही, धुवावयास पाणी नाही. एक दिवस खाडा झाला तर पैसे कापले जातात. अशा ठिकाणी पाळी आलेली बाई काय करील? येथे इतिहास उलटा झाला. माझ्या मायला पाळी आली नाही म्हणून बोल लागला. माझ्या धाकट्या जाऊला ती आली म्हणून दंड बसू लागला.

तिला अंगावरून पांढरे जाई, पोट दुखे. ती जिल्ह्याबाहेरच्या एका खाजगी डॉक्टरकडे गेली. त्याने दहा मिनिटांत सांगितले, पिशवी खराब आहे, पुढे कॅन्सर होईल, काढून टाका. ती घरी येऊन मला म्हणाली, "ताई, काय करू?" त्या वेळी तिचे वय होते एकोणतीस. आणि मी, भगिनींनो, मी तिला काय म्हणाले? मी म्हणाले, "दोन लेकरं झालीत ना? मग काढून टाक, एकदाची सुटशील." मला वाटले मी चांगलेच सांगते आहे. ऑपरेशनचे पैसे मुकादमाकडून उचलले आणि ते फेडावयास ती तीन महिन्यांत पुन्हा फडात गेली.

२०१९ साली ही गोष्ट वर्तमानपत्रांतून गाजली. तीन वर्षांत बीड जिल्ह्याच्या खाजगी दवाखान्यांतून ४,६०५ बायकांच्या पिशव्या काढल्या गेल्या, असे आरोग्यमंत्र्यांनी विधान परिषदेत सांगितले. विधान परिषदेच्या उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. ऊस तोडणाऱ्या ८२,३०९ बायकांची पाहणी झाली. त्यांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. म्हणजे दर सहा जणींत जवळजवळ एक. जिल्ह्यात पिशवी काढण्यापूर्वी खाजगी दवाखान्यांनी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घ्यावी, असेही तेव्हा ठरले. मी त्या आकड्यात माझी जाऊ पाहिली. आणि तिच्या शेजारी उभी असलेली मीही मला दिसले.

पिशवी काढल्याने पाळी कायमची चुकते. पण त्याबरोबर अंडाशयही काढले असेल, तर ऐन तिशीत म्हातारपणातील त्रास सुरू होतो: अंगाची आग, झोप नाही, हाडे ठिसूळ. अंडाशय ठेवले तरी ते पुष्कळदा लवकर थकते. कधी कधी पिशवी काढावीच लागते, हे खरे. पण पांढरे जाण्यावर आधी साधी औषधे असतात, जादा रक्तस्रावावर गोळ्या असतात, आणि कॅन्सरची भीती असेल तर आधी तपासणी असते. आमच्या जाऊबाईंचे आज चाळिशीत गुडघे आणि कंबर गेली आहे. परवा मी तिला म्हणाले, "माझं चुकलं गं." ती म्हणाली, "ताई, तुम्ही एकट्याच नाही म्हणालात, सारेच म्हणाले. पण आता मला महिना कळत नाही. पूर्वी कळायचा." मला त्यावर उत्तर सुचले नाही.

पुढे माझ्यावरच वेळ आली. एक्केचाळीसाव्या वर्षी माझी पाळी लागोपाठ तीन महिने चुकली. पट्टी करून पाहिली, दिवस नव्हते. आत्याबाई म्हणाल्या, "आता जायचंच वय हाय तुझं." अंग जड झाले, केस गळू लागले, दिवसभर झोप येई. एका शहरातील डॉक्टरांनी सोनोग्राफी पाहून पिशवी काढावयाचेच सुचविले. जाऊबाई माझ्याबरोबर होती. तिने माझा हात धरला आणि म्हणाली, "ताई, चला घरी. आधी दुसऱ्याला दाखवू." भाचीने रक्त तपासावयास लावले. निघाले काय? थायरॉइड! गळ्यातील एक ग्रंथी मंद झाली होती. रोज सकाळी उपाशीपोटी एक लहान गोळी. चार महिन्यांत पाळी पूर्ववत झाली. जिला मी चुकीचा सल्ला दिला, तिनेच मला वाचविले.

म्हणून पाळी चुकण्याची कारणे येथे एकत्र लिहून ठेवते. कोणाच्या तरी उपयोगी पडतील.

पहिले कारण दिवस जाणे; म्हणून आधी पट्टी. दुसरे, मूल अंगावर पीत असणे. पण त्या काळातही पाळी येण्याच्या आधीच पुन्हा दिवस जाऊ शकतात, तेव्हा 'अंगावर पितंय, काही होत नाही' ह्यावर विसंबू नये. तिसरे, मायसारखे: उपासमार, फार कष्ट, मोठी चिंता, घरातले मरण, एकदम उतरलेले वजन. चौथे, अंडाशयात बारीक गाठी होण्याचा विकार, ज्याला पोरी पीसीओडी म्हणतात. त्यात वजन वाढते, हनुवटीवर केस येतात, पाळी दोन-तीन महिन्यांनी येते. त्या पोरीला 'लग्न झाल्यावर होईल नीट' असे सांगून बसवू नये. पाचवे, थायरॉइड, आणि तसाच मेंदूतील ग्रंथीचा दुसरा एक दोष, ज्यात मूल नसताना छातीतून दूध येते. सहावे, पिशवीचा क्षय. होय, क्षय फक्त छातीचाच नसतो. मूल न होणाऱ्या कित्येक बायकांत आपल्या देशात तो निघतो आणि औषधाने बरा होतो. सातवे, संततिनियमनाची साधने: सरकारी दवाखान्यातील तीन महिन्यांच्या 'अंतरा' इंजेक्शनने पाळी बंद होऊ शकते, 'छाया' गोळीने लांबते. त्यात घाबरण्यासारखे काही नाही, पण सुईच्या वेळी कोणी तरी हे सांगावयास हवे. आठवे, वय. पंचेचाळिशीच्या आसपास ती मागेपुढे होत होत थांबते. चाळिशीच्या आत थांबली तर मात्र दाखवावे.

आणखी एक कारण आपण स्वतःच करतो. महालक्ष्म्या बसावयाच्या, घरात लग्न, पंढरीची वारी, म्हणून पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या दुकानातून आणून घेतो. गोळ्या थांबविल्यावर दोन-तीन दिवसांत पाळी येते. पण डॉक्टरला न विचारता ह्या गोळ्या घेऊ नयेत. ज्यांना रक्ताच्या गुठळीचा त्रास आहे त्यांना त्या घातक ठरतात. आणि मला विचाराल तर, जिने ही सृष्टी जन्माला घातली, त्या देवीला बाईच्या पाळीचा विटाळ कसा होईल?

तीन महिने पाळी आली नाही, मुलगी पंधरा-सोळा वर्षांची होऊनही न्हाण आले नाही, किंवा बंद झालेली पाळी वर्षाने अचानक पुन्हा सुरू झाली, तर डॉक्टरकडे जावे. पाळी चुकलेली आहे आणि ओटीपोटात एका बाजूला जोराची कळ येऊन डोळ्यापुढे अंधारी येत असेल, तर क्षणभरही थांबू नये. गर्भ पिशवीऐवजी नळीत राहिला असू शकतो, आणि त्यात जीव जातो. आणि कोणी पिशवी काढावयास सांगितली, तर दुसऱ्या डॉक्टरचे मत घेतल्याशिवाय सही करू नये.

हा सारा इतिहास लिहिताना एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. पाळी चुकली बाईची, पण विचारले नेहमी दुसऱ्याचे गेले. विधवेच्या वेळी घराण्याची अब्रू विचारली, मायच्या वेळी वंशाचा दिवा, फडात मुकादमाचा खाडा. 'तुला काय होतंय गं?' हे कोणी विचारले नाही. मीही विचारले नाही.

म्हणून माझी एक लहानशी सूचना आहे. मंडळाच्या खोलीत भिंतीवर कॅलेंडर आहेच. तसेच एक प्रत्येकीने आपल्या घरी कपाटाच्या आतल्या बाजूस लावावे आणि पाळीच्या तारखेवर टिंब द्यावे. आपल्या लेकीला आणि सुनेला ते शिकवावे. हिशेब तिचा तिनेच ठेवावा, आळीने नव्हे. आणि तारीख चुकली तर आधी तिलाच विचारावे. जाऊबाईंनी ह्या वर्षी आपल्या पंधरा वर्षांच्या लेकीला असे कॅलेंडर लावून दिले आहे. टिंब देण्यासाठी तांबडी पेन्सिल मी आणून दिली.

लिंबाच्या लोणच्याची कृती पुढच्या वर्षी देईन.